खाणवस्त्यांचं कंपनी-चलन: संग्रह कसा उभा करावा

कोळसा किंवा नायट्रेट जिथे सापडतं तिथे बहुतेक वेळा आधीचं गाव नसतं. कंपनी पोचते, मग रेल्वेचा फाटा किंवा बोटीचा धक्का होतो, मग मजुरांची घरं आणि लगोलग कंपनीचं दुकान. बँक मात्र शंभर मैलांवर. अशा वस्त्यांमध्ये मजुराच्या हातात सरकारी नाण्याऐवजी कंपनीने पाडून घेतलेलं टोकन किंवा छापून घेतलेली नोट पडायची आणि ती त्या कंपनीच्याच दुकानात चालायची. हेच स्क्रिप.

व्यवहाराची पद्धत नीट समजून घ्या, कारण पुढे नग ओळखताना तीच कामाला येते. अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगरातल्या कोळसा वस्त्यांमध्ये पगार दर पंधरवड्याला किंवा महिन्याला व्हायचा. त्याआधी पीठ-मीठ लागलं, तर खाणकामगार किंवा त्याची बायको पगार-कारकुनाच्या खिडकीशी जाई. कामगाराने तोवर जेवढं कमावलं असेल त्याच्या आत रक्कम मिळे, तीही स्क्रिपमध्ये. कारकून खातेवहीत मांडून ठेवी आणि पगाराच्या दिवशी ती रक्कम कापून घेई. घरभाडं, डॉक्टर, बारूद आणि दिव्याचं तेल यांचे पैसेही कापले जात. हातात किती उरे ते सांगायला नको. रोख हवी असेल तर बाहेरचा दुकानदार स्क्रिप घेई, पण दर्शनी किमतीपेक्षा बराच कमी भाव देई.

तेव्हा हे चलन कामगाराच्या श्रमाचा पुरावा आहे आणि त्याच्यावरच्या पकडीचाही. म्हणूनच संग्रहाबद्दल माझं एक ठाम मत आहे: तो वस्तीनुसार करावा. धातू, मूल्य, चकाकी या गोष्टी नंतरच्या. सरकारी नाण्याला देश असतो, राजा असतो, टांकसाळ असते आणि त्यांच्या नोंदी जागोजागी सापडतात. स्क्रिपला फक्त एक दरी, एक खाण आणि एक दुकान असतं. ते हरवलं की हातात पितळेची चकती उरते.

पहिली पायरी: प्रदेश निवडा

“सगळ्या जगातलं खाण-चलन” हा विषय एका आयुष्यात आवरत नाही. एक प्रदेश घ्या, त्यातही एखादी दरी, एखादी कंपनी किंवा एखादं बेट. नव्या संग्राहकासाठी तीन प्रदेश मला योग्य वाटतात. तिघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पहिला स्वालबार्ड, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळचा द्वीपसमूह. १९२० च्या पॅरिस कराराने त्यावर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य झालं आणि करार १९२५ मध्ये अमलात आला. पण करारातल्या इतर देशांच्या लोकांनाही तिथे खाणकामाचा समान हक्क मिळाला. त्यामुळे एकाच बेटावर, म्हणजे स्पिट्सबर्गेन या मुख्य बेटावर, दोन कंपन्यांचं चलन चाललं. लाँगइयरब्येन ही वस्ती १९०६ मध्ये जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीने वसवली. १९१६ मध्ये ती ‘स्तूरे नॉर्स्के स्पिट्सबर्गेन कुलकुम्पानी’ या नॉर्वेजियन कंपनीकडे गेली. या कंपनीने स्वतःच्या नोटा काढल्या आणि त्या १९८० पर्यंत चालल्या. क्रोनच्या नोटा होत्याच, शिवाय ओरेमधली चिल्लरही कागदावरच छापलेली असे. अनेक नोटांवर एका सालाऐवजी जोडसाल दिसतं, कारण इथला हिशेब हंगामाचा: शरदात समुद्र गोठायच्या आत आलेला माणूस पुढच्या वर्षी बर्फ फुटल्यावरच परत जाई.

त्याच बेटावर सोव्हिएत सरकारची ‘अर्क्तिकुगोल’ ही कंपनी १९३१ मध्ये उभी राहिली. बारेंट्सबुर्गची खाण तिने १९३२ मध्ये डच कंपनीकडून घेतली. पिरामिडेन आणि ग्रुमांत या वस्त्याही तिच्याच. १९४१ मध्ये दोस्त राष्ट्रांनी बेटावरची माणसं हलवली. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये जर्मन युद्धनौकांनी लाँगइयरब्येन आणि बारेंट्सबुर्ग जाळून टाकलं. युद्ध संपल्यावर सोव्हिएत माणसं परत आली आणि पुनर्बांधणी सुरू झाली. अर्क्तिकुगोलच्या टोकनांवर १९४६ हे साल आहे ते या पार्श्वभूमीवर. हे ठाऊक असलं की ते साल नुसता आकडा राहत नाही.

दुसरा प्रदेश अमेरिकेचा कोळसा पट्टा: वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, व्हर्जिनिया, टेनेसी, पेनसिल्व्हेनिया, अलाबामा. नगांची संख्या इथे सर्वाधिक, अभ्यासाची साधनंही सर्वाधिक आणि साधे नग परवडणारे. नवशिक्याने इथून सुरुवात केली तर हात लवकर बसतो. इथल्या इतिहासात स्क्रिप हे भांडणाचं कारण होतं. १९१२-१३ चा पेंट क्रीक आणि केबिन क्रीकचा संप, १९२० मध्ये मेटवन गावात झालेला गोळीबार, १९२१ ची ब्लेअर माउंटनची लढाई ही सगळी याच दऱ्यांमध्ये घडली. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स कायद्याखाली किमान वेतन रोख किंवा वटणाऱ्या चेकने द्यावं लागू लागलं. स्क्रिप आणि टोकन हे वेतन मानायचं नाही, असं त्याखालच्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे. पगारापोटी उचल म्हणून मात्र ते त्यानंतरही बराच काळ रेंगाळलं.

तिसरा प्रदेश चिलीचं वाळवंट. तारापाका आणि आंतोफागास्ता भागात नायट्रेट काढणाऱ्या वस्त्यांना ‘ओफिसीना’ म्हणत, तिथल्या दुकानाला ‘पुल्पेरिया’ आणि टोकनाला ‘फिचा’. हे फिचा दिसायला अतिशय देखणे असतात. पितळ आणि तांबं आहेच, पण बरेच फिचा एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे आहेत, आणि तेही वेगवेगळ्या रंगांत. डिसेंबर १९०७ मध्ये हजारो नायट्रेट कामगार संपावर जाऊन इकीके बंदरात उतरले, तेव्हा फिचा दर्शनी किमतीने बदलून मिळावेत ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. २१ डिसेंबरला सांता मारिया शाळेत जमलेल्या त्या माणसांवर सैन्याने गोळीबार केला. १९२४ च्या कामगार कायद्यांनी पुढे वेतन कायदेशीर चलनातच देणं बंधनकारक केलं. संग्राहकाने इथे एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी: १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धाआधी तारापाका पेरूमध्ये होतं आणि आंतोफागास्ता बोलिव्हियामध्ये. तेव्हा जुना फिचा कोणत्या देशाच्या रकान्यात टाकायचा, हे ओफिसीनाचा काळ पाहून ठरतं. आजच्या नकाशावर विसंबू नका.

दुसरी पायरी: खरेदीआधी वाचन

हात खिशाकडे जाण्याआधी निवडलेल्या प्रदेशाच्या वस्त्यांची यादी करा. प्रत्येक वस्तीपुढे चार गोष्टी लिहा: सुरू कधी झाली, मालक कोण कोण झाले, दुकान कुणाच्या नावाने चालायचं आणि बंद कधी पडली. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण पुढची निम्मी फसवणूक इथेच टळते.

एक उदाहरण देतो. केंटकीच्या हार्लन काउंटीत बेनहॅम आणि लिंच ही दोन गावं एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी आहेत. बेनहॅम विस्कॉन्सिन स्टील कंपनीचं आणि लिंच यू. एस. स्टीलच्या यू. एस. कोल अँड कोक या उपकंपनीचं. या उपकंपनीची दुकानं युनायटेड सप्लाय कंपनी या नावाने चालत. म्हणजे लिंचचं टोकन शोधताना खाण-कंपनीचंच नाव धरून बसलात, तर दुकानाच्या नावाचा नग डोळ्यांसमोरून निघून जाईल. बेनहॅमचं जुनं कंपनी-दुकान आजही उभं आहे, त्यात केंटकी कोल मायनिंग म्युझियम आहे.

चिलीतही असाच सापळा आहे. आज पर्यटक जी वस्ती हम्बरस्टोन म्हणून पाहायला जातात आणि जी २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिचं मूळ नाव ला पाल्मा. हम्बरस्टोन हे नाव तिला १९३४ मध्ये मिळालं. फिचांचा भराचा काळ त्याआधीचा, तेव्हा शोध ला पाल्मा नावानेच घ्यायचा. कुणी या वस्तीचा ‘एकोणिसाव्या शतकातला हम्बरस्टोन फिचा’ म्हणून काही दाखवला, तर सावध व्हायला एवढी माहिती पुरेशी आहे.

सूचीशिवाय मात्र भागत नाही. अमेरिकन कोळसा-स्क्रिपसाठी डोनाल्ड एडकिन्स यांची सूची हा सगळ्यांचा समान आधार आहे. तिच्यात राज्य, गाव, कंपनी आणि मूल्य अशा क्रमाने प्रत्येक नगाला क्रमांक दिलेला आहे. विक्रेते आणि लिलाववाले तोच क्रमांक लिहितात, त्यामुळे तो वाचायला शिका. अर्क्तिकुगोलची टोकनं जागतिक नाण्यांच्या मोठ्या सूचींमध्ये स्पिट्सबर्गेन या नावाखाली सापडतात. स्वालबार्ड नावाने शोधून काही मिळालं नाही म्हणून थांबू नका. रशियन विक्रेते श्पित्सबेर्गेन लिहितात, तेव्हा रशियन लिपीतला शोधही घ्या.

तिसरी पायरी: नग हातात घेऊन वाचणं

साधनं थोडीच लागतात: दहापट मोठं दाखवणारं भिंग, शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, कॅलिपर, छोटं लोहचुंबक आणि बाजूने प्रकाश टाकता येईल असा दिवा. समोरून पडणाऱ्या उजेडात झिजलेली अक्षरं दिसत नाहीत. दिवा जवळजवळ टेबलाला टेकवला की तीच अक्षरं सावली टाकतात आणि वाचता येतात.

आता अमेरिकन कोळसा-टोकन समोर ठेवा. बहुतेक टोकनांना मधोमध आरपार छेद असतो. कधी तो कंपनीच्या आद्याक्षराच्या आकाराचा असतो, कधी साधा गोल, त्रिकोण किंवा फुली. दुकानातल्या माणसाला गल्ल्यात हात घालताच आपलं टोकन ओळखता यावं आणि शेजारच्या कंपनीचं मिसळू नये, हा त्यामागचा उद्देश. छेदाच्या कडेवरून भिंग फिरवा. साच्याने कापलेल्या छेदाची कड एका बाजूला किंचित गोलावलेली आणि दुसऱ्या बाजूला धारदार असते. दोन्ही बाजू सारख्याच मऊ असतील, तर नग ओतीव असण्याची शंका घ्या.

कडेने कंपनीचं नाव आणि बहुतेक वेळा गावाचं नाव असतं. मागच्या बाजूला मूल्य आणि एखादी अट सापडते: फक्त मालाच्या बदल्यात, किंवा अहस्तांतरणीय. ही दुसरी अट नीट पाहा. टोकन दुसऱ्याने आणून दिलं तर नाकारायची सोय कंपनीने आधीच करून ठेवली होती. बाहेरचा दुकानदार कमी भाव का द्यायचा, त्याचं एक कारण या एका शब्दात आहे.

मग बनवणाऱ्याची खूण शोधा. ‘ऑर्को’ म्हणजे सिनसिनाटीची ऑस्बॉर्न रजिस्टर कंपनी. ‘इंगल सिस्टीम’ ही डेटन शहरातल्या कंपनीची टोकन-पद्धत, तिच्या अनेक टोकनांवर १९०९ हा आकडा असतो. इथे नवशिका हमखास अडकतो. तो आकडा पेटंटशी निगडित आहे, टोकन त्या वर्षी पाडलं असा त्याचा अर्थ होत नाही. तेच टोकन वीस वर्षांनंतरचंही असू शकतं. शिवाय इंगलची टोकनं खाणींपुरती नव्हती. साधे किराणा दुकानदार, लाकूड कंपन्या, शेतमळे यांनीही ती वापरली. त्यामुळे इंगलचा नग दिसला म्हणजे तो खाणीचाच, असं धरू नका. कंपनीचं नाव तुमच्या यादीत असायला हवं.

धातूवरूनही काळाचा अंदाज येतो. पितळ, तांबं, निकेलचा मुलामा आणि अ‍ॅल्युमिनियम नेहमीचे. दाबलेल्या फायबरची टोकनं मात्र बहुधा दुसऱ्या महायुद्धातली, जेव्हा धातू युद्धाकडे वळवला गेला होता.

अर्क्तिकुगोलचा १९४६ चा संच या सगळ्याच्या तुलनेत शिस्तीचा आहे: १०, १५, २० आणि ५० कोपेक, फक्त चार मूल्यं. १० आणि १५ पिवळसर मिश्रधातूचे, २० आणि ५० पांढरट. कंपनीचं नाव आणि श्पित्सबेर्गेन बेट अशी रशियन अक्षरं, सोबत साल. यातला ५० कोपेक मला विशेष मोलाचा वाटतो. त्या काळात सोव्हिएत संघाच्या नेहमीच्या चिल्लरीत २० कोपेकवर नाणंच नव्हतं. बेटावर मात्र ५० चं टोकन होतं, म्हणजे ही मूल्यं नेहमीच्या चिल्लरीची नुसती नक्कल नव्हती. वस्तीचं नाव कुठेच नाही. त्यामुळे एखादा नग बारेंट्सबुर्गमध्ये फिरला की पिरामिडेनमध्ये, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. विक्रेता ‘पिरामिडेनचं नाणं’ म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर सोबत काय पुरावा आहे ते विचारा. पुरावा नसेल तर बेटाच्या टोकनाचा भाव द्या, पिरामिडेनचा देऊ नका.

याच कंपनीने १९९३ चं साल असलेली १०, २५, ५० आणि १०० रूबलची टोकनंही काढली. सोव्हिएत संघ मोडला होता आणि पिरामिडेन तोवर चालू होतं, ते १९९८ मध्ये बंद पडलं. १९४६ च्या संचापेक्षा ही सहज मिळतात आणि नव्या संग्राहकाला सुरुवातीसाठी चांगली आहेत.

चौथी पायरी: स्क्रिपसारखं दिसणारं वेगळं काढणं

खाणीतून निघालेली प्रत्येक चकती चलन नसते. कोळशाच्या डब्याला कामगार स्वतःच्या क्रमांकाचा बिल्ला अडकवायचा, म्हणजे वर वजनकाट्यावर त्या डब्याचं वजन त्याच्या नावे लागे. तसाच दिव्याचा बिल्ला: खाणीत उतरताना फळीवर टांगायचा, वर आल्यावर काढून घ्यायचा, म्हणजे आत कोण राहिलंय ते कळे. या दोन्हींवर क्रमांक असतो, मूल्य नसतं. त्यांचा वेगळा संग्रह होऊ शकतो, तो मोलाचाही आहे, पण स्क्रिपच्या भावाने ते घेऊ नयेत.

दुसरा गट आठवण म्हणून काढलेल्या नगांचा. संग्रहालयं, खाण-महोत्सव आणि संग्राहकांच्या मंडळांनी टोकनं पाडून घेतली आहेत. प्रामाणिक असतील तर त्यांवर तसं लिहिलेलं असतं. स्वालबार्डच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २००० नंतरची सालं असलेले, जगातल्या गाजलेल्या घटनांचे प्रसंग कोरलेले नग अर्क्तिकुगोलच्या नावाने बाजारात येतात. खाणीतल्या माणसाने त्याने कधी पाव विकत घेतला नाही. संग्राहकांसाठीच बनवलेला तो माल आहे, हे समजून घ्यायचा असेल तर घ्या.

पाचवी पायरी: खरेदी

टोकन-विक्रेत्यांच्या याद्या, नाण्यांचे लिलाव, संग्राहकांच्या मंडळांचे मेळावे आणि जुन्या कुटुंबांकडून थेट, असे चार मार्ग आहेत. शेवटचा सर्वांत चांगला, कारण नगासोबत हकीकत मिळते. कुणाचे आजोबा कोणत्या खाणीत होते, टोकनं कोणत्या डब्यात राहिली, सोबत पगाराची चिठ्ठी आहे का, हे सगळं तिथल्या तिथे लिहून घ्या. पगाराच्या चिठ्ठीवर कापलेली स्क्रिपची रक्कम दिसत असेल तर ती चिठ्ठी टोकनाइतकीच महत्त्वाची आहे. दोन्ही एकत्र ठेवा, वेगवेगळी विकली जाऊ देऊ नका.

भाव कशावर ठरतो? सर्वांत आधी वस्तीवर. मोठ्या कंपनीने हजारोंनी पाडलेली टोकनं स्वस्त असतात. दोन-तीन वर्षं चाललेल्या छोट्या खाणीचं तेवढ्याच आकाराचं टोकन त्याच्या कितीतरी पट जातं. नंतर मूल्य. एक, पाच, दहा सेंटची टोकनं खूप असतात. डॉलरचं कमी, आणि पाच डॉलर किंवा त्यावरचं खरोखर दुर्मिळ, कारण एवढी उचल एका वेळी क्वचितच कुणाला मिळे आणि मोठी टोकनं दुकानात परत येत. दर्जा तिसऱ्या क्रमांकावर. सरकारी नाण्यांच्या सवयीने इथे चकचकीत नगासाठी जादा पैसे मोजणारे लोक मी पाहतो, मला ते पटत नाही. न वापरलेला नग बहुधा बनवणाऱ्याच्या किंवा कंपनीच्या उरलेल्या साठ्यातला असतो. झिजलेला नग दुकान आणि घर यांच्यामध्ये शेकडो वेळा फिरलेला असतो. अक्षरं वाचता येत असतील तर झिजलेला घ्या आणि वाचलेल्या पैशांत दुसरी वस्ती मिळवा.

ठोक ढीग विकायला येतात, त्यात ‘कोळसा-टोकनं मिश्र’ असं लिहिलेलं असतं. ढिगाच्या फोटोत नावं वाचता येत नसतील तर दोन्ही बाजूंचे फोटो मागा. न दिल्यास सोडून द्या.

नोटांचं तंत्र वेगळं. स्तूरे नॉर्स्केच्या नोटेवर हंगामाचं साल, क्रमांक आणि सही आहे का ते बघा. रद्द केल्याची खूण म्हणून भोकं किंवा शिक्का असेल तर भाव उतरतो, पण तो दोष समजू नका. कंपनीने नोट परत घेऊन हिशेब मिटवला, त्याची ती खूण आहे. घडीवर कागद उजळलेला आणि बाकी पिवळा असेल, कडा अतिशय पांढऱ्या असतील, तर नोट धुतलेली किंवा छाटलेली असू शकते. लांबी-रुंदी सूचीशी जुळवा.

सहावी पायरी: खोटं ओळखणं

साध्या पाच सेंटच्या टोकनाचं खोटं कुणी करत नाही, परवडतच नाही. खोटं होतं ते दुर्मिळ गावांचं आणि मोठ्या मूल्यांचं. वजन आणि व्यास आधी तपासा. ओतीव नगाच्या पृष्ठभागावर भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात, अक्षरांच्या मुळाशी धातू साचल्यासारखा वाटतो आणि कडेवर जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याची खूण असते. काळपटपणा सगळीकडे एकसारखा असणंही संशयास्पद आहे. खऱ्या नगावर उंच भाग हाताळून उजळलेले आणि खोलगट भाग काळे राहिलेले असतात.

याहून धोकादायक प्रकार म्हणजे कधी अस्तित्वातच नसलेलं टोकन: प्रसिद्ध गावाचं नाव, आकर्षक चित्र आणि कुठल्याच सूचीत नोंद नाही. मेटवनसारख्या नावाभोवती हे हमखास घडतं. नवं टोकन सापडूच शकत नाही असं नाही, सापडतं. पण मग त्या नावाची कंपनी त्या गावात होती का, हे खाण-निरीक्षकांच्या वार्षिक अहवालांतून तपासता येतं. राज्य सरकारांनी ते अहवाल छापलेले आहेत आणि त्यांत खाणीवार, कंपनीवार नोंदी असतात. तुम्ही दुसऱ्या पायरीत केलेली यादी इथे कामाला येते.

जागेवरून उचलायचं नाही

ओस पडलेल्या वस्तीला भेट द्यायची इच्छा प्रत्येक संग्राहकाला होते आणि द्यावीही. पण जमिनीवर पडलेलं टोकन खिशात टाकणं बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. स्वालबार्डच्या २००१ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार १९४५ किंवा त्याआधीची मानवी वावराची प्रत्येक खूण आपोआप संरक्षित आहे, सुटी वस्तूसुद्धा. वेस्ट व्हर्जिनियातल्या केमूर आणि नटलबर्ग या खाणवस्त्या न्यू रिव्हर गॉर्ज राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात. तिथे धातुशोधक यंत्र चालवायलाही बंदी आहे. चिलीतल्या हम्बरस्टोन आणि सांता लॉरा या वस्त्या १९७० पासून राष्ट्रीय स्मारकं आहेत. विक्रेता ‘नुकतंच उकरून काढलं’ असं अभिमानाने सांगत असेल, तर कुठून आणि कुणाच्या परवानगीने ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर व्यवहार करू नका. जागेवरून उचलल्याने टोकन आणि वस्ती दोघांचंही नुकसान होतं. ते दुकानाच्या पायरीशी पडलं होतं की झोपडीच्या चुलीपाशी, ही माहिती कायमची जाते.

साफसफाई आणि साठवण

साफ करू नका, हा पहिला नियम. पॉलिश, लिंबू, चिंच, खाण्याचा सोडा, दात घासायची पेस्ट यातलं काहीही पितळेला लावू नये. चढलेला काळपट थर गेला की नगाचं वय गेलं आणि किंमतही. चिकट मळ असेल तर धातूचा नग ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवा आणि मऊ कापडावर टेकवून वाळवा, घासू नका. हिरवट, भुकटीसारखा गंज पसरत असेल तर खनिज तेलात काही दिवस ठेवून लाकडी टूथपिकने तेवढाच भाग हलकेच सोडवा. जुन्या मऊ प्लास्टिकच्या (पीव्हीसीच्या) पाकिटांमुळे धातूवर हिरवा चिकट थर येतो. तो शुद्ध अ‍ॅसिटोनने जातो, मात्र खिडकी उघडी आणि आसपास ज्योत नको. अ‍ॅसिटोन फक्त धातूला. फायबर, बेकेलाइट, एबोनाइट यांना त्याचा थेंबही लागू देऊ नका.

एबोनाइटच्या फिचांकडे विशेष लक्ष द्या. हे रबर उजेडात हळूहळू विटतं, काळं असेल तर तपकिरी-हिरवट होतं आणि त्यातून गंधकाची संयुगं बाहेर पडतात. तीच हवा शेजारच्या तांब्या-पितळेला काळवंडते. म्हणून एबोनाइट कधीही धातूच्या टोकनांच्या पेटीत ठेवू नये. वेगळी पेटी, अंधार आणि पाण्यापासून दूर. विटलेला एबोनाइट पाण्याने धुतला तर रंग आणखी उतरतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकली की पुरे.

फायबरची टोकनं ओल शोषून फुगतात आणि मग अक्षरं पसरतात. सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती ओली झाली की बदला. नोटा आणि चिठ्ठ्या पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, आम्लरहित कागदाचा आधार देऊन ठेवा. चिकटपट्टी, स्टेपल, रबरबँड यातलं काही नको. पीव्हीसीच्या पाकिटांना घरात थारा देऊ नका.

नोंदवही

प्रत्येक नगाला एक क्रमांक द्या. नगावर काहीही लिहू नका, तो क्रमांक पाकिटावर लिहा. नोंदीत एवढं हवंच: वस्ती, कंपनी, दुकानाचं नाव, मूल्य, धातू, व्यास, वजन, छेदाचा आकार, बनवणाऱ्याची खूण, सूचीतला क्रमांक, कुणाकडून आणि कधी घेतलं, आणि विक्रेत्याने सांगितलेली हकीकत त्याच्याच शब्दांत. हकीकत खरी की खोटी हे तिथे ठरवू नका, वेगळ्या रकान्यात स्वतःचं मत लिहा. दोन्ही बाजूंचे फोटो बाजूच्या प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा.

नोंदवहीची रचना वस्तीवार ठेवा. प्रत्येक वस्तीच्या पानावर सुरुवातीला तिची सालं, मालक आणि नकाशातली जागा, मग नग. एकही नग नसलेल्या वस्तीचंही पान उघडून ठेवा. रिकामी पानं दिसत राहिली की पुढच्या लिलावात काय शोधायचं ते नेमकं ठरतं. दुबार नग साठवून ठेवण्यापेक्षा शेजारच्या दरीचा संग्रह करणाऱ्याशी बदलून घ्या. आणि तुमच्याकडे एखाद्या वस्तीचे आठ-दहा नग जमले, तर त्यांचे फोटो आणि मापं त्या भागातल्या संग्रहालयाला पाठवा. अनेक छोट्या खाणवस्त्यांच्या दुकानांची कागदपत्रं उरलेली नाहीत. तिथल्या लोकांना आपल्या गावात कोणती टोकनं चालायची ते अशा नोंदींतूनच कळतं, आणि बरेचदा उत्तरादाखल एखाद्या जुन्या कुटुंबाचा पत्ताही मिळतो.